बॉनेटवरचा घोडा

मोटारीच्या मागच्या गादीवर ऐटीत टेकून बसलं की माणसाला पुढचा रस्ता दिसतो. रंगनाथरावांना दिसलं घोड्याचं ढुंगण. साखर कारखान्याचे चेअरमन म्हणून ते त्या दिवशी पहिल्यांदाच गाडीत बसले होते. गळ्यातले हार अजून ओले, कानाच्या पाळीत गुलाल, आणि समोरच्या काचेतून बघतात तर हे दर्शन.

रंगनाथराव निवडून आले होते छत्रीवर. आणि कारखान्याच्या निळ्या अँबॅसिडरच्या बॉनेटवर उभा होता घोडा, पितळेचा, वीतभर उंचीचा, पुढचा एक पाय उचललेला. घोडा ही बन्सीतात्यांच्या पॅनेलची निशाणी. मागच्या निवडणुकीत चेअरमन तात्या पुन्हा जिंकले, तेव्हा त्यांनी हौसेनं नगरच्या एका ओताऱ्याकडून तो ओतवून घेतला आणि नव्याकोऱ्या गाडीवर बसवला. एकाहत्तर साली छत्रीनं घोड्याला आडवं केलं. तात्या पडले, तेही थोडक्यात. ऑफिसातला त्यांचा फोटो उतरला, त्यांच्या बसायच्या खुर्चीची गादी बदलली, शिपायानं पानाचा डबासुद्धा बदलला. घोडा मात्र होता तिथंच उभा राहिला, कारण गाडीच्या पुढच्या बाजूला काय आहे ते गाडीत बसेपर्यंत रंगनाथरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काय रे कानिफ," ते मागून म्हणाले, "आता पाच वर्सं मी ह्या घोड्याच्या शेपटीकडं बघत हिंडायचं व्हय?"

शेजारी बसलेले संचालक हसले. ड्रायव्हर कानिफनाथ हसला नाही, आणि गप्प बसणंही बरं दिसेना म्हणून त्यानं उगाच हॉर्न वाजवला. रस्त्यात कुणीच नव्हतं.

"दसऱ्याच्या आत घोडा खाली आला पायजे," रंगनाथराव म्हणाले. "तूच उतरवायचा. इथं, ऑफिसपुढं, सगळ्यांदेखत. नगरला नेऊन कुणाकडनं काढून आणला, असलं नको. आणि रंगाला ओरखडा न्हाई आला पायजे. बॉयलर पेटवायला ममईचे पाव्हणे येत्यात, त्यांच्यापुढं खरजुली गाडी न्यायची न्हाई मला."

"व्हय साहेब," कानिफ म्हणाला.

"जमत नसंल तर आताच सांग. फडात कोयत्यांची कमीच हाय यंदा."

हे त्यांनी हसतहसत सांगितलं. रंगनाथराव कधी ओरडत नसत. ओरडणारा माणूस परवडतो, कारण त्याचा राग आपल्याला दिसतो तरी. हा गृहस्थ गोड बोलून गळ्यात दोरी घालायचा आणि वर विचारायचा, घट्ट तर नाही ना झाली?

कोयत्याचा टोमणा कानिफला का लागला ते सांगायला हवं. कानिफनाथ पाथर्डीच्या अंगाचा. तिकडं दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावंच्या गावं रिकामी होतात. म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी मागं राहतात, बाकी सगळे जोडीजोडीनं ऊस तोडायला निघतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, ह्या जोडीला म्हणतात एक कोयता. माणसाला माणूस म्हणत नाहीत, कोयता म्हणतात, बघा. सहा महिने पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहायचं, पहाटे थंडीनं काकडत फडात शिरायचं आणि पात्यांनी चिरलेले हात मिठाच्या पाण्यात बुडवायचे. कानिफ त्या कोपीतच जन्मला आणि तिथंच वाढला. लग्न झालं तसा बायको साळूबाईला घेऊन तोही एक कोयता झाला.

एका हंगामात उसाचा ट्रक चिखलात रुतला. ड्रायव्हर तापानं फणफणलेला, मुकादम नुसता आरडाओरडा करतोय. कानिफनं चाकाखाली पाचट सारलं, वर चढला आणि मागंपुढं करत ट्रक बाहेर काढला. बघून बघून शिकला होता. बन्सीतात्या तेव्हा फडावर आले होते. ते म्हणाले, "कुनाचा रं तू? हात चांगला हाय तुझा." एवढंच. दुसऱ्या हंगामाला कानिफ ट्रकवर क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला, मग नवी अँबॅसिडर आली तेव्हा तात्यांनी किल्ली त्याच्याच हातात दिली. राहायला कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या. नळ होता, दिवा होता. साळूबाई पहिल्या रात्री बटण दाबून दिवा लावत होती, विझवत होती, पुन्हा लावत होती.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच मोठी आहे. साळूबाईला पहिल्या खेपेचं पोट दुखायला लागलं तेव्हा सुईणीनं हात टेकले. तात्यांना कळलं, तर ते म्हणाले, गाडी काढ, नगरला ने, मी पण येतो. मोठ्या दवाखान्यात एखादा मोठा माणूस संगं असलेला बरा. पण नगर यायच्या आतच, घोगरगाव मागं टाकलं आणि पोरगी गाडीतच जन्मली. मागच्या गादीवर सुईण आणि साळूबाई, पुढं कानिफ, आणि त्याच्या शेजारी तात्या, मान पार खिडकीबाहेर घातलेली. मागून रडणं ऐकू आलं, तेव्हा त्यांनी मागं न बघताच अंगावरचं उपरणं काढून मागं दिलं. पोरगी त्या उपरण्यातच गुंडाळली. साळूबाईनं त्या सगळ्या वेळात कशावर डोळे लावले होते, तर समोरच्या काचेतून दिसणाऱ्या त्या पितळेच्या घोड्यावर. ती पुढं सगळ्यांना सांगायची, "घोडा पळत हुता म्हनून मी जगले."

तेव्हापासून तो घोडा तिच्या लेखी निशाणी राहिलाच नाही. दर दसऱ्याला कारखान्याची सगळी वाहनं धुऊन रांगेत उभी करत आणि ज्याच्या त्याच्या घरची बाई आपल्या माणसाच्या वाहनाला ओवाळी. बाकीच्या बाया चाकावर पाणी घालत, काचेला स्वस्तिक काढत. साळूबाई आधी घोड्याकडं जायची. त्याला हळद लावायची, कुंकू लावायची, नारळाचं पाणी त्याच्या पायावर ओतायची. सणावाराला, अवसेला-पुनवेलाही तिचं हे चालायचं. कानिफ कुरकुरायचा की रंग खराब होईल. ती म्हणायची, "तुमाला रंगाची पडली."

तर आता सांगा, असल्या माणसानं काय करावं? घोडा काढला तर तात्यांच्या अन्नाला जागला नाही. न काढला तर कोयता. मधे कुठं उभं राहायला वीतभर जागा नाही.

घरी आल्यावर त्यानं साळूबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"घोड्याला हात लावू नका," ती म्हणाली.

"मग नोकरी जाईल."

"नोकरी गेली तर मी मोळ्या बांधीन. पर पोरीला कोपीत नेनार न्हाई. सांगून ठिवते."

"अगं, मग करू काय? दोन्ही एकदम कसं व्हईल?"

"ते तुमी बघा," म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली. बायकांचं हे एक बरं असतं.

कॉलनीच्या कुंपणापलीकडं त्याच आठवड्यात पहिल्या टोळीच्या कोप्या उभ्या राहायला लागल्या होत्या. कारखाना यंदा लवकर सुरू होणार होता. त्या टोळीत कानिफचा थोरला भाऊ भीमा होता, बायको आणि तीन पोरांसकट. भीमा तारेच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला, कानिफनं त्याला विडी दिली. भीमाच्या डाव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नव्हती.

"ऐकलं म्या," भीमा म्हणाला. "घोड्याचं."

"मग?"

"मग काय. गादीवर बसतोस तर गादीवरच बस बाबा. हिकडं काय ठिवलंय?" आणि तो विडी ओढत कोपीकडं गेला. कोपीच्या दाराशी साळूबाईच्या वयाचीच त्याची बायको चिपाडं फोडत बसली होती, ती साळूबाईच्या आईएवढी दिसत होती.

शेवटी कानिफनं ठरवलं की तात्यांनाच विचारावं. त्यांनी 'काढ' म्हटलं तर सुटलो. त्यांनी चार शिव्या घातल्या, कानाखाली वाजवली तरी सुटलो. गाडी न नेता तो सायकलवर त्यांच्या गावी गेला. तात्या ओट्यावर एकटेच बसले होते. महिन्यापूर्वी ह्याच ओट्यावर चपला ठेवायला जागा नसायची. आता एक शेळी तिथं पाय पसरून रवंथ करत होती आणि तिला कुणी हाकलत नव्हतं.

कानिफनं पाया पडून सगळं सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं. तंबाखू मळत राहिले.

"मला कशाला इचारतो रं?" ते म्हणाले. "गाडी कारखान्याची. चेअरमन ते."

"पर घोडा तुमचा हाय, तात्या."

"माझं काय ऱ्हायलं न्हाई तितं."

"तुमी नको म्हना. मी न्हाई काढत. काय व्हायचं ते हुईल."

तात्यांनी त्याच्याकडं बघितलं. 'नको' म्हणायला त्यांना काय झालं होतं? तोंडाशी आलंही असेल. पण त्यांनी सांगितलं असतं आणि कानिफ कोयत्यावर गेला असता, तर ते पाप त्यांच्या माथी. आणि 'काढ' म्हणणं तर त्यांच्यानं होणारच नव्हतं. मोठ्या माणसाचं मोठेपण असं पण असतं, की तो तुम्हाला धरतही नाही आणि सोडतही नाही.

"पोरगी कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय."

"जेवून जा," तात्या म्हणाले आणि आत गेले.

कानिफ जेवला नाही. सायकल हातात धरून तो गावाबाहेरपर्यंत चालत आला.

राहता राहिलं काम. दोन दिवसांनी चेअरमनना घेऊन नगरला जावं लागलं, ते बँकेत बसले होते तेवढ्यात कानिफनं झेंडीगेटला मोहियोद्दीन पेंटरचं दुकान गाठलं. मोटारी रंगवण्यात मोहियोद्दीनचाचाचा हात धरणारा नगरात कुणी नव्हता, निदान तो स्वतः तरी असं सांगे. कानिफची अन् त्याची जुनी ओळख. दाढीला मेंदी लावलेला तो माणूस गाडीभोवती फिरला, घोड्याला बोटानं टिचकी मारली, खाली वाकून बॉनेटच्या आत बघितलं.

"मीच काढून देतो की. ठेव इथं."

"न्हाई चाचा. माझ्याच हातानं काढायचा हाय. सगळ्यांपुढं."

चाचाला कळलं. नगरच्या माणसाला राजकारण फार समजावून सांगावं लागत नाही.

"मग ऐक नीट," तो म्हणाला. "खाली दोन बोल्टं हायेत, आतनं नट. गंज बसलाय, जोर केला तर पत्रा वाकंल. आदल्या दिवशी रॉकेल घाल आणि विसरून जा. नट निघाले तरी घोडा हालणार नाही. खाली टूबचं रबर घातलंय, ते उन्हानं रंगाला चिकटलंय. तिथं माणूस पेचकस घालतो आणि वाटोळं करतो. पेचकस खिशातच ठेव. गरम पाण्यात फडकं बुडवून शेक दे, ऊन पाणी, कढत नाही. मग चांभाराकडचा मेण लावलेला दोरा घे, दोन्ही टोकं धर, आणि घोड्याच्या खालनं करवतीसारखा हळूहळू ओढ. रबर मधनं कापत जाईल. राहिलेलं रबर खोबरेल लावून अंगठ्यानं चोळ. नखानं नको. पेट्रोल तर अजिबात नको, ते रंग खातं."

"म्हंजे ओरखडा येनार न्हाई?"

"ओरखडा येणार नाही. पण कानिफभाऊ, घोडा निघंल, त्याची जागा नाही निघणार. ह्या बॉनेटनं पाच उन्हाळे खाल्लेत. घोड्याखालचा रंग तसाच कोरा असंल."

कानिफनं मान हलवली, पण त्याचं सगळं ध्यान दोऱ्यात होतं. माणसाला एका वेळी एकच भीती पुरते. त्याला त्या घडीला ओरखड्याची भीती होती.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची असतात, त्या दिवशी पान्याला हात लावत नाहीत. म्हणून त्यानं अष्टमी धरली. आदल्या संध्याकाळी रॉकेल घातलं. सकाळी गाडी ऑफिसपुढच्या लिंबाखाली लावली, बादलीत ऊन पाणी घेतलं. बघायला सगळा कारखाना. कारकून खिडक्यांतून वाकलेले, गेटवरचे पहारेकरी, वर्कशॉपातली माणसं. बहुतेक सगळे तात्यांनीच लावलेले. सगळ्यांना मनातून बरं वाटत होतं की हे आपल्याला करायला लागलं नाही, आणि ते बरं वाटणं लपवायला जो तो भुवया आखडून बघत होता. रंगनाथराव मुद्दाम पुण्याला गेले होते.

कानिफनं बॉनेट उचललं, नट सोडवले. दोन्ही सुटले. बॉनेट खाली घेतलं, शेक दिला, दोरा घातला. खिशात पेचकस होता. तो मांडीला टोचत होता. एकदा त्याच्या मनात आलं, काढावा आणि सरळ घुसवावा. पत्रा खरवडेल, रंगनाथराव हाकलून देतील, आणि ह्या सगळ्या डोळ्यांपुढनं एकदाचं सुटता येईल. तात्यांना कळेल की ह्याला काढायचा नव्हता. मग कुंपणापलीकडं कुणीतरी खोकलं. भीमाच होता, तारेला हात लावून बघत उभा. कानिफनं दोऱ्याला दोन्ही हातांनी धरलं आणि हळूहळू ओढायला लागला.

तो काय मन लावून काम करत होता म्हणून सांगू! हाताला सवयच नव्हती वाईट काम करायची. घोड्याच्या मागच्या पायापासून पुढच्या पायापर्यंत दोरा सरकत गेला आणि घोडा त्याच्या तळहातावर आला. उन्हानं गरम झाला होता. कानिफनं तो साळूबाईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला, मग खोबरेल लावून रबर चोळून काढलं, बोल्टांच्या भोकांत रबराची बुचं बसवली आणि ओल्या फडक्यानं बॉनेट पुसलं.

ओरखडा एकसुद्धा नव्हता. आणि बॉनेटवर घोडा होता.

रबर नेमकं घोड्याच्या मापाचं नव्हतं, पण घोड्याची सावली पाच वर्षं दुपारच्या उन्हात त्याच जागी पडत होती, कारण कानिफ गाडी रोज त्याच लिंबाशेजारी, त्याच तोंडानं लावायचा. बाकीचं बॉनेट विटून आभाळाच्या रंगाचं झालं होतं. मधे गर्द निळा, कोरा करकरीत घोडा, थोडा लांबट, मान ताणलेला, पुढचा पाय उचललेला. आणि त्याच्या कडेकडेनं साळूबाईच्या हळदीची पिवळी रेघ, रंगात पार मुरलेली. पितळेचा घोडा जवळ गेल्यावर दिसायचा. हा गेटवरून दिसत होता.

कानिफनं पॉलिश लावलं. घोडा जास्तच चमकला. बाकीच्या बॉनेटला घासघास घासलं, हात भरून आले, पण गेलेला रंग कुठून आणणार? त्यानं थोडा हलगर्जीपणा केला असता, कुठं पत्रा खरवडला असता, तर चार शिव्या खाऊन सगळं बॉनेट रंगवावं लागलं असतं आणि घोड्याचं नावनिशाण राहिलं नसतं. चांगल्या कामानंच घात केला. वर्कशॉपातला एक म्हातारा फिटर जाताजाता हळूच म्हणाला, "जाऊ दे, दसऱ्याला झेंडूची माळ टाक वर." कानिफला ते पटलं. त्यानं जाड माळ करून घ्यायची ठरवली.

दसऱ्याला सकाळी वाहनं रांगेत लागली. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, आणि सगळ्यांच्या पुढं अँबॅसिडर. बॉनेटवर झेंडूची माळ अशी पसरली होती की घोडा झाकून गेला होता. रंगनाथराव आले, संचालक आले. पांढरीशुभ्र टोपी, नवा कोट. त्यांनी लांबूनच गाडीकडं बघितलं, घोडा नाही हे बघितलं, आणि कानिफच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास," म्हणाले. कानिफला तो शब्द टोचला, पण त्याला हायसंही वाटलं. खोटं कशाला बोला, हायसंच जास्त वाटलं. आजचा दिवस गेला की उद्या चाचाला बोलवू, काहीतरी करू.

बाया ताटं घेऊन आल्या. साळूबाई नवं लुगडं नेसून, पोरीचं बोट धरून आली. तिनं चाकावर पाणी घातलं. बॉनेटपाशी आली, आणि पाच वर्षं जिथं हात जायचा तिथं हात गेला. माळ आड येत होती, ती तिनं देवावरची शिळी फुलं बाजूला करावीत तशी सहज बाजूला केली. गर्द निळा घोडा उन्हात उघडा पडला. तिनं त्याच्या कपाळावर हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. नारळाचं पाणी त्याच्या पायावर ओतलं. मग ताट ओवाळायला लागली. आजूबाजूला एकदम शांतता पसरली, तेव्हा कुठं तिनं मान वर केली आणि आपण काय केलं ते तिला कळलं. घोडा काढलाय हे तिला माहीत होतं, फडक्यात गुंडाळलेला तो तिनंच फळीवर ठेवला होता. पण हाताला कोण सांगणार? ताट तिच्या हातात तसंच राहिलं.

कुणीतरी फिसकन हसलं. रंगनाथराव पुढं आले. बॉनेटवर वाकले. कुंकवाचा टिळा, पिवळी कड, उचललेला पाय, सगळं निवांत बघितलं. कानिफ आता कोयत्याचाच विचार करत होता. कोयता कुठं मिळेल, भीमाच्या टोळीत जागा असेल का, पोरगी थंडीत कशी राहील. इतका सगळा विचार त्यानं तेवढ्यात केला.

"ओवाळा वैनी, थांबलात का?" रंगनाथराव म्हणाले.

साळूबाईनं ताट फिरवलं.

"चेअरमनसाहेब, उद्याच रंगवून घेऊ बॉनेट," एक संचालक म्हणाला.

"छे छे. रंगवायचं कशाला? असंच ऱ्हाऊ द्यायचं." रंगनाथराव सरळ झाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. "गावोगाव हिंडू द्या गाडी. लोकांस्नी दिसू द्या, घोडा कुठं हुता ते. आणि कानिफ, तू बी हाईसच गाडीवर. तुला मी कुटं जाऊ देतो? पाच वर्सं." मग जणू आताच सुचलं अशा आवाजात ते म्हणाले, "तो घोडा हाय ना जपून? घे संगं. आज दसरा हाय. तात्यांना सोनं देऊन येऊ."

नोकरी राहिली. खोल्या राहिल्या, दिवा राहिला, पोरगी कोपीत जाणार नव्हती. ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते सगळं मिळालं होतं, आणि कानिफला वाटत होतं, कुणीतरी आपल्याला आत ढकलून बाहेरून कडी लावली. त्यानं घरी जाऊन फडक्यातला घोडा आणला. साळूबाई दाराशी उभी होती. तिनं नुसता पदर तोंडाशी धरला.

रस्ताभर रंगनाथराव मागं बसून शीळ घालत होते. कानिफच्या डोळ्यांपुढं बॉनेटवरचा तो टिळा होता. वाऱ्यानं कुंकू मागं उडून काचेवर येत होतं.

तात्या ओट्यावरच होते. गाडी बघून उठले. दसऱ्याला दारात आलेल्याला परतवत नाहीत, मग तो कुणी का असेना. रंगनाथरावांनी वाकून आपट्याची पानं त्यांच्या हातात दिली, म्हणाले, "सोनं घ्या, तात्या." तात्यांनी घेतलं, आपल्याकडची पानं दिली, गळाभेट झाली. सगळं रीतीनं झालं.

"तुमची एक वस्तू ऱ्हायली हुती आमच्याकडं," रंगनाथराव म्हणाले. "कानिफ, दे रे."

कानिफ पुढं झाला. त्यानं फडकं सोडलं आणि घोडा दोन्ही हातांवर ठेवून पुढं केला. वर बघितलं नाही. तात्यांनी घोडा घेतला. उलटा करून त्याचे तळपाय बघितले, बोल्टांचे आटे अंगठ्यानं चाचपले. मग ते ओट्यावरून खाली उतरले, गाडीपाशी गेले आणि बॉनेटवरच्या त्या निळ्या घोड्यापुढं उभे राहिले. टिळ्याकडं बघून हा कुणाचा हात ते त्यांनी ओळखलं असणार. त्यांनी घोड्याच्या पाठीवरून, मानेवरून, उचललेल्या पायावरून हळूहळू बोट फिरवलं. कानिफला वाटलं, आता तरी बोलतील. निमकहराम म्हणतील, थुंकतील. तो त्याचीच वाट बघत होता.

तात्या त्याच्याकडं वळले.

"ओरखडा न्हाई रं एक बी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "हात चांगला हाय तुझा."

कानिफ त्यांच्या पायाशी वाकायला गेला, तोवर मागून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. रंगनाथराव आत बसले होते. "चल कानिफ," ते म्हणाले, "अजून लई गावं करायची हायेत." तो वळला, गाडीत बसला आणि गाडी चालू केली.